ब्रेकपॉइंट लावून डीबग करताना तुम्ही नेमकं काय करता?

उंबरठा
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथसूची कॉम्प्युटरवर आणायचं काम मी करतोय, पायथनमध्ये, एडिटर व्हीएस कोड. सूची वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी टाइप केलेल्या एक्सेल फायलींतून आलीय, हजारो नोंदी आहेत. अडचण अशी की शोधात 'वऱ्हाड' टाकलं की काही पुस्तकं येतात आणि काही येतच नाहीत, आणि जी येत नाहीत ती यादीत डोळ्यांसमोर आहेत, शीर्षकात 'वऱ्हाड' धडधडीत लिहिलंय. प्रिंट टाकून दोन्ही शब्द एकाखाली एक छापून बघितले, तंतोतंत सारखे. तरी तुलना केली की उत्तर 'फॉल्स'.

मित्र म्हणाला ब्रेकपॉइंट लाव. लावला. लाल ठिपका आला, प्रोग्राम थांबला, ओळ पिवळी झाली. पुढे काय? लूपमध्ये एफ१० दाबत बसलो तर हवी ती नोंद उद्यापर्यंत यायची नाही. तर विचारायचं असं की तुम्ही लोक थांबल्यावर नेमकं करता काय, आणि प्रिंटपेक्षा त्यात खरंच काही जास्त मिळतं का?

लोखंडी_तवा
प्रिंट. कुठेही चालतं, काही शिकावं लागत नाही.

सातवी_शाखा
@उंबरठा, आधी बटणं सांगते म्हणजे पुढचं बोलता येईल. एफ९ ने ठिपका लागतो आणि निघतो. एफ५ ने प्रोग्राम डीबगमध्ये सुरू होतो आणि थांबलेला असेल तर पुढच्या ठिपक्यापर्यंत जातो. एफ१० म्हणजे ही ओळ पूर्ण कर आणि पुढच्या ओळीवर ये, ओळीत फंक्शन असेल तर ते चालवून टाक, आत नेऊ नकोस. एफ११ म्हणजे त्या फंक्शनच्या आत चल. आत गेल्यावर कळलं की इथे काही नाही, तर शिफ्ट एफ११ ने ते संपवून बाहेर.

पण थांबल्यावर बहुतेक जण लगेच एफ१० वर बोट ठेवतात, तिथेच सगळं बिघडतं. थांबलात की थांबा. डावीकडे व्हेरिएबल्स दिसतात ते वाचा. त्याखाली कॉल स्टॅक असतो, म्हणजे या ओळीपर्यंत आपण कुणाकुणाच्या हाकेवरून आलो त्याची उतरंड. त्यातल्या खालच्या नावावर क्लिक केलंत की त्या फंक्शनमधले व्हेरिएबल्स त्या क्षणी काय होते ते दिसतात. चुकीची किंमत इथे दिसली तरी ती जन्मली कुठे हे बऱ्याचदा दोन पायऱ्या खाली सापडतं. आणि तिसरं म्हणजे डीबग कन्सोल. थांबलेल्या प्रोग्रामला तिथे कोणताही प्रश्न टाइप करून विचारता येतो, एका शब्दाची लांबी विचारा, दोन शब्द सारखे आहेत का विचारा, तिथल्या तिथे उत्तर. माझ्या मते ब्रेकपॉइंटचं खरं मोल या कन्सोलमध्ये आहे. प्रिंटमध्ये प्रश्न आधी ठरवावा लागतो, इथे थांबून मग सुचेल तो विचारता येतो.

पाणपोई
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. हजारो नोंदींचं म्हणाल तर ठिपक्यावर राइट क्लिक करून 'एडिट ब्रेकपॉइंट' घ्या आणि अट लिहा. अट खरी ठरेल तेव्हाच प्रोग्राम थांबेल, एरवी धावत राहील. तुमच्या बाबतीत अट अशी की शीर्षकात 'वऱ्हाड' असेल तर थांब. त्याच खिडकीत 'हिट काउंट' पण मिळतो, म्हणजे अमुकाव्या फेरीलाच थांब.

दुपारचा_चहा
म्हणजे एस्टीचा विनंती थांबा! हात दाखवणारा असेल तरच गाडी थांबणार :)

पाणपोई
हो अगदी तसंच :) फक्त लक्षात ठेवा, अट दर फेरीला तपासली जाते, त्यामुळे मोठ्या लूपमध्ये प्रोग्राम चांगलाच रेंगाळतो. फार हळू झालं तर कोडमध्येच इफ लिहून त्याच्या आत ब्रेकपॉइंट() ठेवायचा. पायथन ३.७ पासून हे फंक्शन भाषेतच आलंय, काही इम्पोर्ट करावं लागत नाही.

रानमोडी
अवांतर: आमच्या कॉलेजात टर्बो सी होतं, निळा स्क्रीन. एफ७ ने आत जायचं, एफ८ ने ओलांडायचं, कंट्रोल एफ८ ने ब्रेकपॉइंट, कंट्रोल एफ७ ने वॉच (हव्या त्या व्हेरिएबलची किंमत सतत दाखवणारी यादी), आउटपुट बघायला ऑल्ट एफ५. आमच्या सरांनी पॉइंटर शिकवताना फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही, प्रोग्राम थांबवून वॉच विंडोत पत्ता आणि त्या पत्त्यावरची किंमत शेजारीशेजारी लावून दाखवली आणि एफ८ दाबत गेले. सगळा वर्ग पुढे सरकून स्क्रीनकडे बघत होता. लिंक्ड लिस्ट मला त्या दिवशी कळली. आजही कुणाला रिकर्शन शिकवायचं तर मी कॉल स्टॅक उघडून एकेक मजला चढताना दाखवतो, त्याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

लोखंडी_तवा
मुद्दा मान्य, शिकवायला उत्तम. पण रोजच्या कामात माझा सगळा वेळ सर्व्हरवरच्या गोष्टींत जातो. एक रिक्वेस्ट चार सर्व्हिसेसमधून फिरते. एकीत ब्रेकपॉइंट लावून थांबलो की दुसरी टाइमआउट होऊन बसते आणि मला भलतीच चूक दिसायला लागते. दोन थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांच्या, शर्यतीचा बग असेल तर थांबवल्याबरोबर तो गायबच होतो, कारण वेळेचं गणितच बदलतं. आणि प्रॉडक्शनवर गिऱ्हाइकाची रिक्वेस्ट मध्येच अडवून धरणार का? तिथे लॉगच हवेत, नीट वेळ आणि रिक्वेस्टचा नंबर घालून लिहिलेले. म्हणून म्हणतो, आधी लॉग लिहायला शिका.

सातवी_शाखा
@लोखंडी_तवा, थ्रेड आणि प्रॉडक्शनचं पूर्ण पटलं. पण धागाकर्त्यांचा प्रोग्राम एकाच मशीनवर एकाच थ्रेडवर चालतोय आणि बग दर वेळी तसाच्या तसा येतोय. ब्रेकपॉइंटसाठी याहून चांगली केस नाही.

आणि मधला मार्ग म्हणून व्हीएस कोडमध्ये लॉगपॉइंट असतो. ठिपक्याऐवजी चौकट उभी केल्यासारखी खूण येते, तिथे प्रोग्राम थांबत नाही, तुम्ही लिहिलेला मजकूर डीबग कन्सोलमध्ये छापून पुढे जातो, महिरपी कंसात व्हेरिएबल टाकलं की त्याची किंमत येते. म्हणजे प्रिंटच, पण कोडला हात न लावता. काम झालं की पुसायला विसरलो आणि कमिटमध्ये गेलं असं होत नाही.

लोखंडी_तवा
हे माहीत नव्हतं, बघतो. धन्यवाद.

उंबरठा
@पाणपोई, तुम्ही सांगितलेली अट लावली. जी पुस्तकं शोधात येतात त्यांच्यावर बरोब्बर थांबतो. जी येत नाहीत त्यांच्यावर थांबतच नाही, सरळ शेवटापर्यंत धावून प्रोग्राम संपतो. अट चुकीची लिहिली का काय कळेना.

पाणपोई
अट बरोबर आहे, आणि न थांबणं हेच तुमचं उत्तर आहे! अटीतसुद्धा तीच तुलना चाललीय जी मूळ कोडमध्ये फसतेय. म्हणजे चूक तुमच्या शोधाच्या लूपमध्ये नाहीच, पायथनला ते दोन शब्द खरोखरच वेगळे दिसतायत. आता अट शीर्षकावर नको, दाखल क्रमांकावर लावा. न सापडणाऱ्या एका पुस्तकाचा दाखल क्रमांक घ्या आणि तिथे थांबवा. थांबलं की कन्सोलमध्ये त्या शब्दाची लांबी विचारा.

कडबोळं_८१
वाचतेय. इंटरेस्टिंग धागा.

वाफसा
मी हार्डवेअरवाला, एम्बेडेड. आमच्याकडे ब्रेकपॉइंट फुकट नसतात. फ्लॅशमधून चालणाऱ्या कोडला चिपमधले हार्डवेअर ब्रेकपॉइंट लागतात आणि ते मोजके. कॉर्टेक्स एम३, एम४ मध्ये साधारण सहा, पहिल्या ईएसपी३२ मध्ये तर दोनच. त्यामुळे ठिपका लावण्याआधी विचार करावाच लागतो की मला काय शंका आहे आणि ती कुठल्या ओळीवर खरी-खोटी ठरेल. ही सवय लागली की पीसीवरही माणूस वीस ठिपके लावून सैरावैरा पळत नाही.

दुसरं, मोटर चालवत असाल तर फार जपून. ब्रेकपॉइंटवर सीपीयू थांबतो, बाहेरचं जग थांबत नाही. टायमर चालू राहिला तर पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून मोटर चालवणं) चालू राहतं, आणि टायमर गोठवला तर पिन ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत अडकू शकते, ती 'चालू' असेल तर मोटरमधून सलग करंट. ड्रायव्हर जळायला वेळ लागत नाही. एसटीएम३२ मध्ये डीबगवेळी टायमर आणि वॉचडॉग (कोड अडकला तर चिप रीसेट करणारा पहारेकरी) गोठवायचे वेगळे बिट आहेत, ते आधी वाचून घ्यायचे. वॉचडॉग गोठवला नाही तर तुम्ही व्हेरिएबल बघत असतानाच चिप रीसेट होते आणि नवीन माणसाला वाटतं की आपला कोडच कोसळला. आणि मोटरची पॉवर वेगळी काढून मगच थांबा, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला पहिल्या दिवशी सांगतो.

दुपारचा_चहा
बाकी हे थांबवतात कसं आतून? म्हणजे सीपीयूला कसं कळतं की इथे थांबायचंय?

वाफसा
इंटेलच्या कुळातल्या प्रोसेसरवर सी किंवा सी++ साठी असं होतं: त्या ओळीच्या पहिल्या सूचनेचा पहिला बाइट डीबगर बाजूला जपून ठेवतो आणि त्या जागी 'सीसी' हा बाइट लिहितो. ही 'इंट ३' नावाची एका बाइटची सूचना. सीपीयू तिथे आला की ट्रॅप होतो, ऑपरेटिंग सिस्टिम डीबगरला कळवते, तो तुम्हाला पिवळी ओळ दाखवतो. पुढे जा म्हटलं की मूळ बाइट परत ठेवून ती एक सूचना चालवतो आणि पुन्हा 'सीसी' लिहून ठेवतो. म्हणजे तुमचा प्रोग्राम चालू असताना डीबगर मेमरीत खुशाल खाडाखोड करत असतो, आपल्याला पत्ता लागत नाही.

याशिवाय चिपमध्ये चार डीबग रजिस्टरं असतात, त्यांत पत्ता टाकला की त्या जागेवर कुणी लिहिलं रे लिहिलं की थांबतो. जीडीबी या डीबगरमध्ये 'वॉच' म्हणतात ते हेच. 'हे व्हेरिएबल कोण बिघडवतंय' या प्रश्नाला याच्यासारखं हत्यार नाही.

पायथनचं वेगळं. तिथे इंटरप्रिटरच दर ओळीला डीबगरला विचारायचा, म्हणून डीबगमध्ये प्रोग्राम हळू पळतो. पायथन ३.१२ मध्ये 'सिस डॉट मॉनिटरिंग' आलं, त्यामुळे ठिपके नसलेल्या कोडवर तो भार पडू नये अशी सोय झाली.

रानमोडी
यात थोडा इतिहास घालतो. ब्रेकपॉइंटचं श्रेय एनिॲक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बेटी होल्बर्टन यांना देतात. फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेलं ते यंत्र १९४६ साली जगासमोर आलं आणि त्याचे पहिले प्रोग्रामर म्हणजे सहा बायका, होल्बर्टन त्यांतल्या एक. प्रोग्राम लिहायचा म्हणजे एका युनिटमधून दुसऱ्यात केबली जोडायच्या. अमुक ठिकाणी यंत्र थांबायला हवं असेल तर तिथली केबल उपटायची, पुढचा इशारा जाणारच नाही, मग दिवे बघून आतले आकडे वाचायचे. आपण एफ९ दाबतो तेव्हा तेच करतो. या बाईंचं नाव कॉम्प्युटरच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कडबोळं_८१
वा, हे माहीत नव्हतं. आता मुलीला सांगते, तिनं अकरावीला कॉम्प्युटर घेतलाय आणि म्हणते मुलांचा विषय आहे.

ओसरीवरून
जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एक. ठिपका लाल न राहता करडा, पोकळ झाला तर एडिटर सांगतोय की चालू असलेल्या कोडमध्ये ही ओळ मला सापडली नाही. बहुतेक वेळा सोर्स मॅप (चालणारा कोड मूळ फाइलीच्या कुठल्या ओळीचा ते सांगणारा नकाशा) जुळत नसतो, टाइपस्क्रिप्टची फाइल एक आणि ब्राउझरमध्ये चाललेली भलतीच जुनी. अशा वेळी पुन्हा पुन्हा ठिपका लावू नका, बिल्डची सेटिंग बघा. पायथनमध्येही पायटेस्ट या चाचण्यांच्या साधनाबरोबर कव्हरेज (कुठल्या ओळी चालल्या ते मोजणं) चालू असेल तर ठिपक्यावर थांबत नाही असं होतं, तिथे डीबग करताना कव्हरेज बंद ठेवायचं.

आणि लायब्ररीच्या कोडमध्ये एफ११ ने आत शिरता येत नसेल तर लॉन्च डॉट जेसन फाइलमध्ये 'जस्ट माय कोड' फॉल्स करा. मूळ सेटिंग दुसऱ्यांचा कोड ओलांडून जाते.

सातवी_शाखा
चांगली आठवण केलीत. अजून एक, ब्रेकपॉइंटच्या पट्टीतच एक्सेप्शनचे चौकोन असतात. 'रेज्ड एक्सेप्शन्स' वर टिक केली की चूक जिथे फेकली जाते तिथेच प्रोग्राम थांबतो, पुढे कुणी ट्राय-एक्सेप्ट करून गिळून टाकणार असेल तरी. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये गप्प गिळलेल्या चुका शोधायला मी सगळ्यात आधी हेच लावते.

आणि एक सावधगिरी. कन्सोलमध्ये तुम्ही जे टाइप करता ते खरंच चालतं. सीएसव्ही फाइल वाचणारा रीडर थांबलेला असताना 'पुढची ओळ काय आहे बघू' म्हणून नेक्स्ट बोलावलंत तर ती ओळ तुम्ही खाल्ली, प्रोग्रामला ती मिळणार नाही. वॉचमध्ये तसं काही लिहून ठेवलंत तर दर थांब्याला एक ओळ गायब. क्लासमध्ये मी हे मुद्दाम करून दाखवते, मग मुलं विसरत नाहीत.

उंबरठा
सापडलं!!!

दाखल क्रमांकाची अट लावली, थांबला. कन्सोलमध्ये माझ्या शोधशब्दाची लांबी विचारली, ६. नोंदीतल्या 'वऱ्हाड'ची लांबी विचारली, ७! मग अक्षरं एकेक सुटी करून त्यांचे युनिकोड क्रमांक काढले. माझ्या कीबोर्डवरून 'ऱ' येतो तो एकच यू+०९३१. नोंदीत साधा 'र' यू+०९३० आणि त्यापुढे वेगळा नुक्ता यू+०९३सी. स्क्रीनवर दोन्ही 'ऱ्हा' असेच दिसतात, म्हणून प्रिंटमध्ये काही कळत नव्हतं.

तिथेच थांबलेला असताना कन्सोलमध्ये नॉर्मलाइझ एनएफसी (अक्षराचे सुटे तुकडे एकत्र जोडायची युनिकोडची रीत) करून बघितलं, लांबी ६ झाली आणि तुलना 'ट्रू'. प्रोग्राम एकदाही बंद न करता! मग तीच ओळ कोडमध्ये घातली, बरीच पुस्तकं शोधात आली. पण अजूनही काही येत नाहीयेत, आणि त्यांची लांबी नॉर्मलाइझ केल्यावरही ७ च आहे.

लोखंडी_तवा
अभिनंदन! फक्त प्रिंटच्या बाजूने एक नोंदवतो, प्रिंटमध्ये ऍस्की() फंक्शन घातलं असतंत तर सगळे क्रमांक छापून आले असते, पहिल्याच फटक्यात.

सातवी_शाखा
बरोबर, आले असते. पण ऍस्की छापायला हवं हे सुचायला आधी लांबी वेगळी आहे हे कळायला हवं, आणि लांबी विचारायला हवी हे सुचलं ते अट फसली म्हणून. तीन प्रश्न एकातून एक निघाले. प्रिंटने प्रत्येक प्रश्नाला सगळ्या फायली पुन्हा लोड करून धावत बसावं लागलं असतं.

लोखंडी_तवा
हे मात्र खरं. फायली मोठ्या असतील तर फरक पडतो.

तिरकी_मात्रा
उरलेल्या नोंदींचं मी सांगतो, मराठी मजकुराचंच काम करतो. तिथे बघा, 'र', हलन्त आणि त्यापुढे यू+२००डी असेल, झिरो विड्थ जॉइनर. वऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हे, दुसऱ्या या सगळ्यांतला आडवा र लिहायची ही दुसरी पद्धत, इंटरनेटवरच्या मराठीत सर्रास सापडते. एनएफसी याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते समतुल्य नाहीत. व्हेरिएबल्सच्या पट्टीत ती स्ट्रिंग नीट बघा, पायथन न दिसणारं अक्षर तिथे एस्केप करून दाखवतं, प्रिंटमध्ये ते दिसत नाही.

उपाय करताना क्रम सांभाळा. आधी एनएफसी, मग 'र, हलन्त, जॉइनर' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त', आणि त्यानंतर उरलेले जॉइनर काढून टाका. उलट केलंत, म्हणजे जॉइनर आधी उडवलेत, तर आडव्या र चा रफार होतो, 'वर्हाड' होऊन बसतं आणि मग ते कशाशीच जुळत नाही.

उंबरठा
तिरकी_मात्रा, अगदी तेच निघालं, २००डी. व्हेरिएबल्समध्ये सरळ दिसतंय, मी त्या पट्टीकडे बघितलंच नव्हतं कारण कन्सोलमध्ये रमलो होतो. तुमच्या क्रमाने केलं, आता 'वऱ्हाड'ची सगळी पुस्तकं येतायत, 'गोऱ्हे' आडनावाचे लेखकही आले. सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रंथपाल बाईंना आत्ताच फोन करून सांगितलं.

तिरकी_मात्रा
छान! मूळ शीर्षकाचा रकाना मात्र बदलू नका, ते आहे तसं राहू दे, शेजारी शोधासाठी वेगळा रकाना करून त्यात हे साफ केलेलं ठेवा. आणि वाचक शोधात जे टाइप करेल त्यालाही हेच फंक्शन लावा, नाहीतर कुणी मोबाइलवरून जॉइनरवाला 'वऱ्हाड' टाकला की पुन्हा तेच. लेखकाचं नाव, प्रकाशक, विषय, सगळ्या रकान्यांना लावा.

पाणपोई
आणि कोडमध्ये कुठे ब्रेकपॉइंट() राहिला असेल तर वाचनालयात बसवण्याआधी काढा, नाहीतर काउंटरवर प्रोग्राम थांबून बसेल आणि कुणाला कळणार नाही का. शोधून काढायला वेळ नसेल तर पायथनब्रेकपॉइंट नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करून ठेवा, मग ते सगळे दुर्लक्षित होतात.

उंबरठा
लगेच करतो. एक राहिला होता, लूपमधलाच.